कॉलेजच्या मंडळांचा इतिहास लिहायला घेताना

1969 साली ठाण्यात सुरू झालेल्या कॉलेजांची पन्नाशी होऊन गेली. 1976 ची 2026 मध्ये, आणि वाशी-नेरूळकडची बरीचशी त्यानंतर. दर वेळी स्मरणिका निघते आणि तिच्यात 'वाङ्मय मंडळाची उज्ज्वल परंपरा' छापाची चार पानं असतात, ज्यात एकही तारीख नसते. तारखा मिळतात, पण प्राचार्यांच्या कपाटात मिळत नाहीत. त्या असतात हिशेबनिसाकडे, जिमखान्यात आणि वाचनालयाच्या माळ्यावर.

पहिलं हाती घ्यायचं ते फीचं खातं. जिमखाना फी, वार्षिकाची (कॉलेजच्या वार्षिक अंकाची) फी, गॅदरिंगची फी हे रकाने वेगवेगळे असत. मंडळाला वर्षाला किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्ची पडले, हे इथे कळतं. ज्या वर्षी मंजुरी आहे पण व्हाउचर नाही, त्या वर्षी मंडळ कागदावरच होतं असं बेलाशक धरावं. नंतर जडसंग्रह वही, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही (डेड स्टॉक रजिस्टर). हार्मोनियम, तबला-डग्गा, पडदे, कॅरम बोर्ड कधी घेतले आणि कधी मोडीत काढले, यावरून नाट्य किंवा संगीत विभाग कोणत्या साली खरोखर उभा राहिला ते दिसतं.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आणि एनसीसीचं दप्तर बहुतेक कॉलेजांत सगळ्यात नीट सापडतं, कारण त्यांना बाहेरून अनुदान आणि बाहेरून तपासणी. एनएसएस 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. त्यामुळे त्याआधीच्या श्रमदानाला कोणी 'एनएसएसचं शिबिर' म्हणत असेल तर ते नाव मागाहून चिकटलेलं आहे. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, यांची हजेरी ठेवावीच लागते. वाङ्मय मंडळाकडे हिशेब मागायला कोणी येत नाही, म्हणून त्याचा इतिहास प्रभारी प्राध्यापकांबरोबरच निवृत्त होतो.

कॉलेजचं वार्षिक हा सगळ्यांचा आवडता पुरावा, आणि सगळ्यात जास्त फसवणाराही तोच. मजकूर डिसेंबर-जानेवारीत छापखान्यात जायचा आणि गॅदरिंग त्याच सुमारास किंवा नंतर व्हायचं. मग 1984-85 च्या अंकात बक्षिसांची यादी 1983-84 ची असते. म्हणून नोंद नेहमी शैक्षणिक वर्षाने करावी, नुसतं '1984' लिहू नये. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) केलेल्या अहवालांतल्या मंडळांच्या याद्याही जपून वापराव्यात. एक सूचना लावून एक व्याख्यान झालं की तिथे मंडळ जन्माला येतं.

तारीख नसलेल्या कागदाचं वय काढायच्या काही खुणा आहेत. लेटरहेडवर 400 601 सारखा पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. 'अकरावी' हा वर्ग कॉलेजात दिसला तर 1975 नंतरचा. चषकावर 'ठाणे महानगरपालिका' असेल तर 1 ऑक्टोबर 1982 नंतरचा, 'नवी मुंबई महानगरपालिका' असेल तर 1992 किंवा पुढचा. निवडणुकीची पत्रकं, जी.एस. (सरचिटणीस) आणि सी.आर. (वर्गप्रतिनिधी) यांच्यासाठीचे अर्ज हे बहुधा 1994 च्या विद्यापीठ कायद्याआधीचे. त्या कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरायला लागले आणि क्रीडा, सांस्कृतिक, एनएसएस, एनसीसी यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमू लागले. माझ्या मते मंडळांच्या इतिहासात याहून मोठी फट दुसरी नाही. निवडणूक लढवून आलेला पोरगा मंडळ स्वतःचं समजून चालवायचा. नेमलेला सचिव सरांच्या फोनची वाट बघतो. 2016 च्या कायद्याने निवडणूक कागदावर परत आणली, पण मधल्या दोन दशकांत ती सवयच गेली होती.

चषकांकडे येऊ. फिरता करंडक परत जातो, कॉलेजकडे राहते ती छोटी प्रतिकृती, आणि तिच्यावरची अक्षरं उथळ कोरलेली असतात. पितांबरी लावून चकचकीत करायचा मोह आवरावा, घासून घासून उरलीसुरली अक्षरंही जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसायची, खोलीत अंधार करायचा आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. सावलीत अक्षरं उठून येतात, तेव्हाच फोटो काढायचा.

ग्रुप फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नयेत, कारण नावं पुठ्ठ्यावर आणि स्टुडिओचा शिक्का बहुधा मागे असतो. 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, पण खालची यादी टंकताना एखादं नाव गळतंच आणि तिथून पुढची सगळी रांग एका खुर्चीने सरकते. रांगेतली डोकी मोजून नावांशी ताडून पाहावीत. शेवटच्या रांगेच्या टोकाला उभे शिपाई यादीत बहुतेक वेळा नसतातच. त्यांची नावं त्या वर्षीच्या पगारपत्रकात मिळतात, ती जरूर घालावीत. मुलींची नावं माहेरची असतात, म्हणून माजी विद्यार्थिनी शोधताना माहेरच्या नावाचा वेगळा रकाना ठेवावा. पत्ते आणि फोन नंबर मात्र छापू नयेत.

खाडीकाठच्या दमट हवेत स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात. त्या आधी काढाव्यात, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. कागद 300 डीपीआयला, फोटो 600 ला स्कॅन करावेत.

मग एकच तक्ता: शैक्षणिक वर्ष, मंडळ, प्रभारी प्राध्यापक, विद्यार्थी सचिव, कार्यक्रम, पुरावा. स्थापनेच्या वर्षाला किमान दोन स्वतंत्र पुरावे हवेत, आणि माहितीपत्रक हा त्यातला एक धरू नये, कारण ते मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकावरूनच उतरवलेलं असतं. रिकाम्या जागा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक मिळाले तर थोड्याफार भरतात. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि वक्तृत्वाचे निकाल त्यांत येत. तरीही जे वर्ष रिकामं राहील, तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहावं. 2020-21 चा रकाना तर बहुतेकांचा अर्धा रिकामाच राहतो: कार्यक्रम ऑनलाइन झाले, लिंका मेल्या, फोटो सचिवांच्या जुन्या फोनात गेले. ती मुलं अजून हाताशी आहेत. त्यांना आधी गाठावं, 1969 ची फाइल तोवर थांबेल.