माती की बांबू, हे नंतर बघू

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "इंदूरच्या दक्षिणेला, घाटाकडच्या सिमरोल-चोरलकडे जमीन घेतली आहे. योगशिबिरं घ्यायची, वीस-पंचवीस माणसं राहतील अशी जागा काढायची. सगळं निसर्गाला धरून हवं. मातीचं बांधू की बांबूचं?" मी इंदूरात घरं आणि शाळा बांधून देते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढतानाही कोणीतरी हे विचारतंच.

भिंत कशाची, यावर बोलायची माझी घाई नसते. आधी मी सूर्याचं विचारते. इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून भर दुपारी ऊन जवळजवळ डोक्यावर येतं, म्हणजे तापतं ते छप्पर. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा अडीच-तीन फुटांची वळचण पुरते. डिसेंबरात सूर्य खाली उतरला की त्याच वळचणीखालून ऊन आत येतं, आणि माळव्यातल्या थंडीत ते हवंच असतं. पश्चिमेची गोष्ट वेगळी. तिथे तिरपं ऊन वळचणीला जुमानत नाही. त्या अंगाला कोठी, न्हाणीघर, जिना असलं काहीतरी घालावं आणि पुढे झाडं लावावीत. आपलं नशीब असं की विंध्याचा उतार निमाडाकडे, नर्मदेच्या खोऱ्याकडे, म्हणजे दक्षिणेला पडतो. दरी आणि सावली एकाच बाजूला मिळतात. तरी मालकांना पश्चिमेला मोठी काच हवी असते, सूर्यास्तासाठी! ती काच लावली की एसी आलाच, आणि एसी आल्यावर भिंत मातीची आहे याचं कौतुक फक्त माहितीपत्रकात उरतं.

एसी टाळता येतो, कारण इथल्या रात्री मदतीला आहेत. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीला टेकला तरी पहाटेपर्यंत तो बराच खाली येतो. जाड भिंती, रात्रभर उघड्या ठेवता येतील अशा जाळीच्या खिडक्या, सकाळी नऊला त्या बंद करायची शिस्त, एवढ्यावर बरंच भागतं. छपराला कवेलू, म्हणजे कौलं घाला, पण खाली पत्रा आणि मध्ये हवेला वाव ठेवून. कारण माकडं. ती कवेलू फोडतातच, आणि पत्रा नसेल तर पहिल्याच पावसात सतरंज्या भिजतात. नुसता पत्रा ठेवला तर पावसात शिकवणाऱ्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.

आता सभागृहाबद्दल, कारण खर्च तिथेच फुगतो. हठयोगप्रदीपिका या साधारण 15व्या शतकातल्या ग्रंथात योगमठाचं वर्णन आहे. दार लहान, झरोके, खड्डे, बिळं नकोत, खोली फार उंच नको, फार ठेंगणीही नको, शेणाने दाट सारवलेली, किडामुंगी नसलेली, बाहेर मंडप, ओटा आणि विहीर, भोवती कुंपणाची भिंत. हे एकट्या साधकासाठी लिहिलंय, पंचवीस जणांच्या वर्गाला दार-झरोके तसेच ठेवून चालणार नाही. पण त्यातला आटोपशीरपणा मला पटतो. आत थोडकं आणि बाहेर मंडप, ही वाटणी माळव्याच्या हवेला नेमकी बसते. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडपातच वर्ग घेता येतो. सभागृह फक्त पाऊस आणि कडक ऊन यांच्यासाठी. हात पसरून आडवं व्हायला माणशी 30-35 चौरस फूट लागतात, म्हणजे पंचवीस जणांना नऊशेच्या आत भागतं. माझ्याकडे येणारे अडीच हजारांचा नकाशा घेऊन येतात.

आणि तो नकाशा उभ्या माणसाने काढलेला असतो. मांडी घालून बसल्यावर डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर येतात. खिडकीचा कट्टा नेहमीच्या तीन फुटांवर ठेवला तर समोर नुसता गिलावा दिसतो. कट्टा फूट-दीड फुटावर आणा. शवासनात तर माणूस आढं आणि वासेच बघत पडलेला असतो, म्हणून रंगकाम आणि दिवे यांचा विचार आडवं पडून करा. डोळ्यांवर येणारा दिवा नको, डोक्यावर गरगरणारा पंखा नको. फरशी कोट्याची चालते, फक्त पौषातल्या पहाटे ती बर्फ होते, तेव्हा खाली जाड सतरंजी लागते.

पाणी हा सगळ्यात अवघड भाग. इंदूर शहर नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, घाट चढवून आणतं. तुमच्या डोंगरावर ते येणार नाही. बोअर घ्याल, पण आपल्या काळ्या खडकात पाणी फक्त भेगांत सापडतं. लागलं तर लागलं. म्हणून छप्पर धरा: 2000 चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला 900 मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती वजा जाता सव्वा लाख लिटरच्या वर पाणी साठतं. पंचवीस माणसांना, माणशी 100 लिटर धरले, तर ते 50 दिवसांचं झालं. उरलेल्या वर्षाचं काय? मांडवगडला, म्हणजे मांडूला, एकदा याच नजरेने जाऊन या. डोंगरावर नदी नाही, तरी तिथे राजधानी नांदली ती पावसाच्या साठ्यावर. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये बसलाय, आणि चंपा बावडी या विहिरीला लागून तळघरातल्या कमानदार खोल्या आहेत, उन्हाळ्यात गारव्याला बसायच्या. आधी पाणी, मग महाल, असा तिथला क्रम दिसतो. तुमच्याकडेही आधी तळं खोदा, एक पावसाळा जाऊ द्या, ते किती भरतं ते बघा आणि मगच खोल्या किती ते ठरवा.

सांडपाण्याचंही तेच. भेगाळ खडकावर मातीचा थर पातळ असेल तर शोषखड्ड्यातलं पाणी गाळलं न जाता थेट खालच्या वस्तीच्या विहिरीत जाऊ शकतं. तळ पक्का केलेल्या वाफ्यात कर्दळ लावून ते पाणी त्यातून फिरवा आणि मग बागेला द्या.

राहिली भिंत. जागेवरची काळी माती भिंतीला घेऊ नका. ती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया खडकापर्यंत न्या. खडक खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले, खाली फुगवटा असलेले खांब घाला. भिंतीला मुरमाड पिवळी माती लागते, तीत थोडा चुना किंवा सिमेंट घालून दाबलेल्या विटा करायच्या. जोतं दोन फूट उंच घ्या. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय वापरू नका, भुंगा त्याचं पीठ करतो.

मातीची भिंत टिकते. पण दर पावसाळ्यानंतर तिला लिंपण लागतं, आणि शेणाच्या जमिनीला पंधरा दिवसांनी सारवण. तुमच्या जागेजवळच्या गावात हे हाताने येणाऱ्या बायका अजून आहेत, पण त्यांना मजुरी गवंड्याच्या बरोबरीने द्यायची तुमची तयारी आहे का, ते मला आधी सांगा. नसेल तर सरळ भाजक्या विटांची भिंत घाला आणि तिला चुना लावा.