रिजिड टँक आणि भाच्याची केटी

भाच्याला थर्मोची (थर्मोडायनॅमिक्सची) केटी लागली आहे, म्हणजे विषय राहिलाय, पेपर पुन्हा द्यायचा. मेकॅनिकल, तिसरं सेमिस्टर. मी रबाळे एमआयडीसीत युटिलिटीला, म्हणजे दिवसभर बॉयलर, ट्रॅप आणि कंडेन्सेट. तेव्हा 'मामाला हे येणारच' असं बहिणीचं ठाम मत. कळव्याहून ऐरोली नकाशात अगदी समोर दिसते, पण पोरगं बिचारं ठाण्याला गाडी बदलून येतं.

'बंद टाकीत पाणी आणि वाफ' असं वाचलं की त्याचा हात सूत्रांच्या पानाकडे जातो. मी ते पान मिटायला लावलं. टाकी कडक, म्हणजे घनफळ बदलत नाही. व्हॉल्व्ह बंद, म्हणजे वस्तुमान बदलत नाही. मग दोघांचा भागाकार, म्हणजे दर किलोमागचं घनफळ, आपला व्ही, कसा बदलेल? टी-व्ही आलेखावर (उभा अक्ष तापमान, आडवा व्ही) उभी रेघ मार आणि मग बोल. (कुकरचं उदाहरण इथे चालत नाही. शिटी झाली की वस्तुमान गेलं.)

५०० लिटरची टाकी, २ किलो पाणी, १०० अंश. व्ही आला ०.२५ घनमीटर प्रति किलो. स्टीम टेबलात, म्हणजे पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात, १०० अंशांना पाण्याचा ०.००१०४३, कोरड्या वाफेचा १.६७२. आपला आकडा मधे, म्हणजे मिश्रण. एक्स, म्हणजे एकूण वजनातला वाफेचा वाटा, ०.१४९. वाफ जेमतेम ३०० ग्रॅम, पाणी १.७ किलो. आता गंमत बघा: ते १.७ किलो पाणी तळाशी पावणेदोन लिटरच जागा घेतं. उरलेले ४९८ लिटर त्या ३०० ग्रॅम वाफेने व्यापलेत.

"म्हणजे अर्धी टाकी भरलेली असेल तर एक्स ०.५ नाही?"

छे! एक लिटरच्या भांड्यात अर्धा किलो पाणी घे, तेही १०० अंशांना. भांडं निम्म्याहून थोडं जास्त भरलंय, आणि वरच्या वाफेचं वजन ०.३ ग्रॅमसुद्धा नाही. एक्स काढलास तर ०.०००६ च्या आसपास येतो. शिवाय हे भांडं तापवलं तर पाणी आटत नाही, उलट पातळी वर चढते. व्ही ०.००२, आणि क्रिटिकल पॉइंटचा, म्हणजे जिथे पाणी आणि वाफ यांतला फरकच संपतो तिथला, ०.००३१०६. उभी रेघ त्याच्या डावीकडे पडली, की शेवटी वाफ संपते. साधारण ३६५ अंशांना भांडं काठोकाठ पाण्याने भरतं, दाब जवळजवळ २०० बार. हे त्याला पटेना. टेबलात बोट ठेवून दाखवलं तेव्हा कुठे गप्प झाला.

मोठ्या टाकीची रेघ उजवीकडची, तिथे पाणी संपतं. कधी? कोरड्या वाफेचा व्ही ०.२५ होईल तेव्हा. ७५० किलोपास्कलला ०.२५५५, ८०० ला ०.२४०४. मधला हिशेब केला की ७६८ किलोपास्कल, १६९ अंशांच्या जरा अलीकडे. आमच्या प्लांटवरचा गेज इथे चौरस सेंटिमीटरला ६.८ किलो दाखवेल, कारण गेज हवेचा दाब धरत नाही आणि टेबल धरतं. पेपरात 'गेज' हा शब्द मुद्दाम कोपऱ्यात लपवलेला असतो.

उष्णता किती लागली, यात मात्र त्याने एन्थाल्पी घेतली, म्हणजे आतली ऊर्जा अधिक दाब गुणिले घनफळ. सवयीने सगळेच घेतात. उत्तर ४०२२ किलोज्यूल. मी म्हटलं, यू, म्हणजे नुसती आतली ऊर्जा, घेऊन कर. किलोमागे सुरुवातीला ७३०, शेवटी २५७५, फरक गुणिले २. आले ३६९०. पिस्टनच नाही, तर काम कुठलं? टाकीला दिलेली उष्णता सगळी आत राहिली.

"मग हे तीनशे तीसच्या आसपास जास्तीचे कुठून आले?"

उत्तर न देता मी चहा टाकायला उठलो. परत येतो तर त्याने दाबातला फरक ६६७ किलोपास्कल काढून टाकीच्या घनफळाने, ०.५ घनमीटरने, गुणला होता आणि ३३३ भोवती गोल करून ठेवला होता.