सीएनजीवर मिसिंग? आधी प्लगचा गॅप मोजा

पेट्रोलवर गाडी मऊ चालते, सीएनजीवर मात्र खंबाटकी घाट चढताना मिसिंग मारते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून झटके देते. किटला दोष देण्याआधी स्पार्क प्लग काढा. सीएनजीत ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी लागतं. त्यात गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट, मोठा असेल तर ठिणगी सोपी वाट शोधते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या बाहेरून थेट हेडला, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाला जाते.

गॅपचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एनजीके प्लगच्या नंबरात शेवटी ११ असेल, जसं बीकेआर६ई-११, तर तो १.१ मिमीचा. सीएनजी कंपनीतूनच आलेली असेल तर कंपनीचाच आकडा पाळा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत साध्या निकेल प्लगचा गॅप सहसा ०.७ ते ०.८ वर आणतात. त्याहून कमी नको, ठिणगी बारकी पडते आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं.

इंजिन पूर्ण गार हवं. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर आटे जातात, आणि मग खर्च प्लगचा राहत नाही. प्लगवरची कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सिलिंडरमध्ये पडते.

मोजायला तारेचं गेज घ्या. वापरलेल्या इलेक्ट्रोडला खळगा पडलेला असतो. पट्टीचं फिलर गेज त्याच्या कडांवर टेकतं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. ०.८ ची तार हलकी घासत जावी, ०.९ ची जाऊ नये. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड. गॅप कमी करायला प्लग उलटा धरून लाकडी फळीवर हलकेच टेकवा, दर ठोक्याला मोजा. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊन उचकटलं की चिनीमाती तडकते. इरिडियमचं टोक तर इतकं बारीक असतं की गॅपमध्ये मोठा फरक हवा असेल तर सरळ योग्य नंबरचा प्लग आणावा.

बसवताना आटे हातानेच धरवा. १४ मिमीचा नवा, वॉशरवाला प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. जुन्या प्लगचा वॉशर चेपलेला असतो, त्याला बारावा हिस्सा फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, नकळत जास्त आवळलं जातं.

काढलेल्या प्लगच्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर प्लगबरोबर त्यावर बसणारा रबरी बूटही बदला. ठिणगीची वाट बुटाच्या आतल्या बाजूलाही उमटलेली असते, आणि नव्या प्लगवरही ती तिथूनच निसटते.