जिना, धडधड आणि ताई

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून उभा होतो. छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं, आता काही खरं नाही. हाताला मुंग्या, घशाला कोरड. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. जिना चढलात म्हणून ते जोरात पळालं, आणि तुम्ही घाबरलात म्हणून आणखी जोरात."

तेव्हा मला त्यांचा रागच आला. पण दोन वर्षांत दम लागेल असं एकही काम मी केलं नव्हतं, हे खरं होतं. त्या काळात धडधड व्हायची ती फक्त घाबरल्यावर. मग या वेळी ती जिन्यामुळे झाली तरी मनाने तिचा तोच अर्थ लावला.

त्यांनी दिलेला व्यायाम साधा होता. रोज एकच मजला चढायचा, वर पोचल्यावर मानेवर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची आणि ती खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं. पळून खाली यायचं नाही. पहिल्या दिवशी १३२ मोजली, ती खाली यायला चार मिनिटं लागली. बोटांखाली ती टकटक हळूहळू मंदावताना कळली, आणि आपण काही न करता हे शांत होतं, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

नंतर या विषयावर बरंच वाचलं. ब्रिटनमध्ये दीड लाखाहून जास्त लोकांची, वयं ४० ते ६९, स्थिर सायकलवर दमाची आणि हाताच्या पकडीची ताकद मोजली होती. सात वर्षांनी त्यांना मनाच्या तब्येतीबद्दल विचारलं. दोन्हींत कमी पडलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली आणि चिंतेची ६० टक्क्यांनी जास्त. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. अशा पाहणीतून कमी ताकदीमुळेच आजार झाला, असं सिद्ध होत नाही. तरी मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यांनी "व्यायाम करता का?" एवढंच विचारलं नाही, प्रत्यक्ष मोजलं. आपण किती हलतो हे सांगताना माणूस चुकतो. मीसुद्धा "बऱ्यापैकी चालतो" असंच सांगत होतो.

पण हे आकडे कुणाच्या तोंडावर मारू नयेत. माझी ताई आठ महिने नैराश्यात आहे. तिला येणारा जाणारा सांगतो, "जरा फिरून ये, बरं वाटेल." जिला अंथरुणातून उठून दात घासायचे म्हणजे डोंगर वाटतो, तिला हे ऐकून आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. तिच्या गोळ्या चालू आहेत, त्या तशाच चालू राहणार. व्यायाम त्यांच्या जागी नाही, त्यांच्या सोबतीला आहे. आणि ती सोबत एकट्याने जमत नाही, म्हणून संध्याकाळी मी तिच्याकडे जातो. चल म्हणत नाही, नुसता दारात बसतो.

परवा ती स्वतःहून म्हणाली, "फाटकापर्यंत येते." चपला घालायलाच तिला दहा मिनिटं लागली. फाटकाशी तिला दम लागला, तेव्हा मी तिची दोन बोटं धरून तिच्या मानेवर ठेवली. नाडी खाली येईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो.