बाबांच्या डाव्या हातातली स्टिक

छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसांवर टपाल तिकीट निघावं, हे माझं जुनं वेड. जावजी दादाजी पोरवयात मिशनच्या छापखान्यात खिळे घासत होते, पुढे 1869 साली त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. त्यांचं नाव तरी राहिलं. केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपुढे, आयुष्यभर उभे राहिलेल्या जुळाऱ्यांचं काय? स्मारक तिकिटाचा प्रस्ताव टपाल खात्याकडे कोणालाही पाठवता येतो. पण निर्णय सल्लागार समितीचा, आणि विषय देशपातळीवरचा लागतो. माझे बाबा असेच एक जुळारी, तेव्हा 81 वर्षांचे. तेवढी वाट बघायची माझी तयारी नव्हती.

म्हणून 2017 साली टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेचा रस्ता धरला. 300 रुपयांत 12 तिकिटांचा ताव. प्रत्येक तिकीट 5 रुपयांचं, शेजारी आपला फोटो. पाकिटाला लावलं की पत्र जातं.

अर्ज आणि ओळखपत्राची झेरॉक्स यांत काही अवघड नव्हतं. वेळ घेतला तो फोटोने. गिरगावात एका जुन्या छापखान्यात अजून देवनागरीच्या केसेस होत्या, तिथे बाबांना नेलं. तीस वर्षांनी स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायची पट्टी, हातात आली. डाव्या हातात स्टिक, अंगठा शेवटच्या खिळ्यावर टेकलेला. उजवा हात न बघता खणात जायचा, खिळ्याची खाच बोटाने चाचपायचा आणि खिळा ओळीत बसवायचा. त्यांनी जुळवलं, ‘खिळे जुळारी’. मी समोरून फोटो घेतला.

स्टुडिओवाल्याने प्रिंट देताना सांगितलं, “अक्षरं उलटी आली होती, सरळ करून दिली.” मला बरंच वाटलं. रात्री बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला.

“हा मी नाही. स्टिक उजव्या हातात धरून कोण कंपोज करतं?”

अक्षरं सरळ करण्यासाठी त्याने अख्खा फोटोच उलटा केला होता. खिळ्यावर अक्षर उलटं असतं म्हणूनच कागदावर ते सरळ उमटतं, हे या घरात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मूळ फोटो छापून घेतला आणि तो घेऊन मुंबई जीपीओ गाठलं. खिडकीवरच्या बाईंनीही विचारलं, “काका, फोटोतली अक्षरं उलटी आहेत, चालेल?” म्हटलं, तशीच हवीत.

ताव घरी आला तेव्हा बाबांनी तिकिटावरचा हात नखाने दाखवला. “डावा. आता बरोबर.”

मग जुन्या सोबत्यांना पत्रं लिहायला बसले. चार पाकिटं झाली. पाचवं नाव लिहिलं, थोडा वेळ थांबले आणि खोडलं. मी ती चार पाकिटं खिडकीवर नेऊन दिली, शिक्का चेहऱ्यावर नको अशी विनंती करून.

आठवड्याने सांगलीहून फोन आला. ते काका ट्रेडल हे छपाईयंत्र चालवायचे. तिकिटावरची अक्षरं लागत नव्हती, म्हणून काय जुळवलंस ते विचारत होते. बाबांनी सांगितलं. पुढे अर्धा तास दोघं ‘ळ’च्या खणात नेहमी कमी पडणाऱ्या खिळ्यांवर बोलत होते.