उष्णतेच्या नावावर खपलेले दुखणे

डिसेंबरात यावल तालुक्यातील आमच्या शेतात भरिताची पार्टी होते. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या असा बेत रंगलेला असताना मी मात्र बाजूला बसून गार दुधात भाकरी कुस्करून खायचो, कारण नेमके त्याच आठवड्यात माझे तोंड आलेले असायचे. घरात या दुखण्याला एकच कारण ठाऊक होते आणि ते म्हणजे उष्णता. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना हे कारण पटायचेही. पण डिसेंबरच्या कडाक्यात, अंगावर घोंगडी घेतलेली असताना आजीने पुन्हा ‘उष्णता शे’ असाच निकाल दिला, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

त्या रात्री मोबाईलच्या उजेडात खालचा ओठ उलटा करून आरशात नीट पाहिले. ज्याला मी आजवर फोड म्हणत होतो तो फोड नव्हताच. ज्वारीच्या दाण्याएवढा गोल, उथळ खड्डा होता, त्याचा तळ पिवळट-पांढरा होता आणि भोवती लाल कडे होते. खालच्या दातांची कड नेमकी त्याच जागी घासत असल्याने ‘प’ आणि ‘ब’ उच्चारतानाही डोळ्यांत पाणी येत होते. वैद्यकीय भाषेत याला ॲफ्थस व्रण म्हणतात. ओठांच्या व गालांच्या आतील बाजूस, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली, म्हणजे जिथे अस्तर मऊ असते तिथे तो होतो. तो संसर्गजन्य नसतो आणि १ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा ७ ते १४ दिवसांत खूण न ठेवता भरून येतो. त्याहून मोठा व्रण मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो आणि वणही ठेवून जातो.

आपल्याकडे ‘तोंड आले’ या दोन शब्दांत तीन-चार निराळी दुखणी कोंबली जातात, आणि उपाय चुकतो तो इथेच. तापानंतर ओठांच्या बाहेरच्या कडेवर पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, त्याला ‘जर मुतला’ म्हणतात. तो हर्पिस विषाणूमुळे होतो आणि तो मात्र पसरतो, म्हणून त्या दिवसांत लहान मुलांचे मुके घेऊ नयेत आणि आपला टॉवेल दुसऱ्याला देऊ नये. जिभेवर किंवा गालात दह्यासारखा पांढरा थर येऊन तो पुसल्यावर खाली लाल जागा दिसली, तर ते बहुधा बुरशीचे काम असते. अँटिबायोटिक घेतल्यावर, साखर वाढलेल्या मधुमेह्यांत किंवा रात्री कवळी न काढणाऱ्यांत ते आढळते. राहिला दाताच्या टोकाने किंवा कवळीने घासून झालेला व्रण. त्यावर कितीही मलम लावले तरी ते टोक घासून गुळगुळीत केल्याशिवाय तो बरा होत नाही.

ॲफ्थस व्रणाचे नेमके एकच कारण सांगता येत नाही. आई-वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. जागरण, मनावरचा ताण, ब्रश लागणे, गाल चावला जाणे ही निमित्ते असतात, आणि लोह, फोलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असले तर तो वारंवार उद्भवतो. माझ्या बाबतीत एका दवाखान्यात सहा-सात वर्षे दरवेळी बी-कॉम्प्लेक्सच्या पिवळ्या गोळ्या हातावर ठेवल्या गेल्या, पण रक्त कोणी तपासले नाही. अखेर मी स्वतःच हट्ट करून तपासणी करून घेतली, तेव्हा बी-१२ बरेच कमी निघाले. बी-१२ मुख्यतः मांस, अंडी आणि दुधातून मिळते. आमचे घर माळकरी, त्यात मला एरवी चहाखेरीज दुधाची आवड नाही, म्हणजे हे आधीच सुचायला हवे होते. पुरेशा मात्रेत उपचार झाल्यावर दर महिन्याचे दुखणे वर्षातून दोन-तीनदा येण्यावर आले. ते पूर्ण गेले, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता व्रण उठला की कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरतो, शेवभाजी आणि ठेचा आठवडाभर बंद ठेवतो आणि जेवणाआधी बधिरपणा आणणारे जेल लावतो. डॉक्टरांनी दिलेले ट्रायमसिनोलोनचे मलम रात्री जागा कोरडी करून, न चोळता, पातळ थराने लावले आणि पहिल्या दोन दिवसांतच सुरू केले तर दुखणे लवकर ओसरते. हे स्टेरॉइड असल्याने ‘जर’ किंवा बुरशी असताना आपल्या मनाने लावू नये. सोडिअम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे रसायन नसलेल्या टूथपेस्टने काहींना फरक पडतो, मला फारसा पडला नाही. आजीचा जाईचा पाला चघळण्याचा आणि तूप लावण्याचा उपाय निरुपद्रवी आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. ॲस्पिरिनची गोळी कुटून लावणे किंवा जागेवर तंबाखू दाबून धरणे मात्र घातक आहे, कारण गोळीने अस्तर भाजते आणि तंबाखूचे वेगळे सांगायला नको.

व्रण उठल्याच्या दिवशी मी कॅलेंडरवर खूण करतो. दोन आठवड्यांत भरला नाही, कडा टणक लागल्या किंवा तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, तर थेट दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. सुपारीने तोंड आखडत जाते, आणि तंबाखूप्रमाणेच नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. दुखणारा व्रण माणसाला दवाखान्यात नेतो. न दुखणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, आणि कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.

माझे चुलते नाना गेल्या पावसाळ्यात सहज म्हणाले, ‘जिभेला महिन्यापासून काहीतरी आहे, पण त्रास नाही.’ दुसऱ्याच दिवशी त्यांना भुसावळला घेऊन गेलो. मागची दाढ तुटून तिचे टोक जिभेला लागत होते. डॉक्टरांनी ते घासले आणि १५ दिवसांनी बोलावले, तोवर व्रण भरला होता. मात्र तपासताना खालच्या ओठाच्या आत, नाना तंबाखू-चुन्याची गोळी ठेवतात त्याच जागी, पुसला न जाणारा पांढरा चट्टा सापडला. त्याचा तुकडा काढून तपासला आहे; सध्या कर्करोग नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचे आहे. पुढची तारीख मी त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून आलो आहे, आणि डबी अजून त्यांच्या खिशातच आहे.