कचोरीच्या पैशात लो कार्ब: माझा इंदूरचा अनुभव

इंदूरमध्ये राहून लो कार्ब, म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं कमी, असं खाणं करतोय म्हटलं की लोक आधी हसतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, सकाळी पोहे-जलेबी, अकराला कचोरी, संध्याकाळी चहाबरोबर शेव, रविवारी दाल-बाफले, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत, गेलं तर भुट्ट्याचा कीस नाहीतर साबुदाणा खिचडी. यातलं एकही त्यात बसत नाही. माझी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.३ आली (५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, ६.५ ला मधुमेहाचा शिक्का बसतो) तेव्हा डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, पोळी-भात कमी करा, चाला, तीन महिन्यांनी परत तपासू. बोलायला सोपंय. आम्ही राजेंद्र नगरात राहतो, घरात चौघं, मी, बायको, मुलगा आणि आई, आणि किराणा-दूध-भाजी सगळं बारा हजारात बसवावं लागतं कारण पगाराचा मोठा हिस्सा मुलाच्या कोचिंगला जातो.

मोबाईलवर शोधलं तर काय, बदामाचं पीठ, अ‍ॅव्होकाडो, चीज, ऑलिव्ह ऑइल. बदामाच्या एक किलो पिठात आमच्याकडे महिन्याचा गहू येतो. वाटलं हे श्रीमंतांचंच पथ्य दिसतंय. वर बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अहो, वेगळा स्वयंपाक होणार नाही हं माझ्याच्यानं, जे होईल त्यातलंच काय ते खा." आता विचार केला तर याच अटीमुळे हे टिकलं.

मूळ अडचण अशी की पोट भरणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे गहू आणि तांदूळ. आयसीएमआर-इंडियॅब या मधुमेहाच्या देशभरच्या पाहणीत आपल्या लोकांच्या खाण्यातली ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते असं निघालंय, आणि हैदराबादच्या एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ठीक आहे, पण सहा पोळ्या काढल्या तर त्या जागी काय घालायचं आणि कितीत, हे घरच्या वहीतच बसवावं लागतं. मी तेच केलं, कार्ब किती, प्रोटीन किती, रुपये किती, सगळं लिहून काढलं.

पहिला धक्का वरणाचा. आम्ही लहानपणापासून डाळ म्हणजे प्रोटीन असं धरून चाललो, आहेच, १०० ग्रॅम तुरीत २२ ग्रॅम, पण त्याबरोबर ६० च्या आसपास कार्ब पण येतात. बेसनाचं तेच, म्हणजे पिठलं पण मोजूनच. मग आमच्याकडच्या बाजारभावाने हिशोब लावला, अंडं सात रुपयांत ६ ग्रॅम प्रोटीन, कार्ब जवळपास नाहीच. पनीर १०० ग्रॅम चाळीस रुपये, प्रोटीन १८. शेंगदाणे १०० ग्रॅम चौदा रुपये, प्रोटीन २५, कार्ब १६ पण त्यातला अर्धा फायबर. आणि सोयाबडी, सुटी घेतली तर १०० ग्रॅम तेरा-चौदा रुपये आणि प्रोटीन ५२! कार्ब आहेत तिच्यात, ३३ च्या आसपास, पण एका वेळी कोरडी ३०-४० ग्रॅमच लागते, भिजून ताटभर होते.

आणि गंमत बघा, सोयाबीन म्हणजे आपल्या माळव्याचंच पीक, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इथेच खंडवा रोडवर आहे, आणि आमच्या घरात बडी यायची ती फक्त पुलावात, तेही पाहुणे आले तर. आता सियागंजच्या ठोक बाजारातून एकदम दोन किलो आणतो, गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडते.

बडीला वास येतो, चामट लागते, असं सगळे म्हणतात. आमच्याकडे असं करतात, पाण्याला मीठ घालून खळखळ उकळायचं, त्यात बडी पाच मिनिटं, मग गार पाण्यात टाकून घट्ट पिळायची, परत पाणी, परत पिळायची. हे दोनदा पिळणं टाळलं की वास राहतो. मग मिक्सरमध्ये एकच झटका द्यायचा, कांदा-लसूण-गोडा मसाला आणि थोडं दाण्याचं कूट घालून परतायचं, खिमा होतो. मुलगा पोळीबरोबर खातो, मी वाडगाभर तसाच खातो. अख्खे सोयाबीन पण करून पाहिले, पण ते कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अजिबात खायचे नाहीत, त्यांच्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो नीट शिजवल्यावरच जातो. तेवढा गॅस जाळण्यापेक्षा बडी बरी.

अंड्याचं प्रकरण वेगळं. आईच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, येणारही नाही, आणि तिला दुखवून मला काही करायचं नव्हतं. म्हणून गॅलरीत इलेक्ट्रिक केटल ठेवली, त्यात रोज तीन अंडी उकडतात, माझी बशी वेगळी, टरफलं वेगळ्या पिशवीत. आई बघून न बघितल्यासारखं करते. उकडलेल्या अंड्यावर जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरवायचं, हे ज्याने खाल्लं नाही त्याने इंदुरात राहून काय केलं.

भाजीसाठी रविवारी चोइथराम मंडीत जातो, शेजारच्या वहिनी आणि आम्ही मिळून घेतो, गिलकी (घोसाळी), पत्तागोबी (कोबी), लौकी (दुधी), पालक, वांगी, काकडी जास्तच येते, मग वाटून घेतो. एरवी संध्याकाळी उशिरा ठेल्यावर गेलं की तो स्वतःच म्हणतो "भिया, सब ले जाओ, बीस में." सगळ्यांची भाजी तीच, फक्त आता दुप्पट होते. माझ्या ताटात भाजी दोन वाट्या, पोळी एक, वरण एक वाटी घट्ट, दही साय काढून न टाकता, आणि मूठभर दाणे. पोळी दुपारी एक, रात्री एक, भात नाही. एका पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब धरतो. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली म्हणजे लो कार्ब असं साधारण मानतात, माझे शंभराच्या आतबाहेर होतात. कीटो, म्हणजे कार्ब जवळपास बंदच, असलं काही नाही हे, ते परवडतही नाही आणि जमतही नाही.

पोह्यांची हौस भागवायला पत्तागोबी अगदी बारीक चिरायची, मोहरी-हिरवी मिरची-हळदीच्या फोडणीत मोठ्या आचेवर दोनच मिनिटं, भरपूर दाणे, लिंबू, कोथिंबीर, जीरावन. पोहे नाहीत हे कळतंच, उगाच खोटं कशाला बोलू, पण सकाळी त्या वासाने मन मानतं.

सुरुवातीला डोकं दुखायचं आणि पोट साफ व्हायचं नाही. कार्ब कमी केले की शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक दोन वेळा घ्यायला लागलो, आणि रोज चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड. बीपी असेल तर मिठाचं आधी विचारा. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे आपल्या मनाने मुळीच सुरू करू नका, डोस तोच राहिला आणि पोळी कमी झाली तर साखर एकदम खाली येऊ शकते.

पैशाचं सांगतो. अंडी महिन्याला सहाशे तीस, बडी दोनशे, दाणे एकशे चाळीस, पनीर आठवड्यातून एकदाच म्हणून तीनशे वीस, जास्तीची भाजी चारशे. झाले सोळाशे नव्वद. वाचलं काय, ऑफिसच्या खाली रोजची कचोरी आणि गोड चहा सहाशे, घरातली शेव-मिक्चर पाचशे, बिस्किट-टोस्ट दोनशे, माझ्या वाटचा गहू-तांदूळ तीनशे. फरक नव्वद रुपयांचा. शेव बंद केल्यावर घरात चार दिवस अबोला होता, मग मुलासाठी पाव किलोचा पुडा परत सुरू झाला, म्हणजे फरक दीडशेच्या पुढे गेला म्हणा.

तीन महिन्यांनी ५.९ आली, वजन पाच किलो कमी. डॉक्टर म्हणाले असंच चालू द्या. पावसाळ्यात भाजी महागली की पंचाईत होते, तेव्हा लौकी आणि बडीवरच दिवस काढले, मुलगा वैतागला होता. आता थंडी सुरू झालीय, मेथी, पालक, फुलगोबी ढिगाने आणि स्वस्त, हिशोब जरा सैल झालाय. फक्त सराफ्यातून जाताना तो तळलेल्या गराडूचा वास येतो तेव्हा बायको माझा हात धरून पुढे ओढते, आणि स्वतः परत येऊन एक प्लेट घेते.